आधी गाव, मग पणजोबा : परदेशी गेलेल्या आयरिश पूर्वजांचा शोध

आडनावाच्या शेवटी 'कर' असले की मराठी माणसाचे निम्मे काम आयते होते. लिओ वराडकर आयर्लंडचे पंतप्रधान झाले तेव्हा त्यांच्या वडिलांचे गाव शोधायला कुणाला दप्तर उघडावे लागले नाही. वराड हे गाव आडनावातच होते; तालुका मालवण, जिल्हा सिंधुदुर्ग. डिसेंबर २०१९मध्ये ते घरच्यांसह तिथे येऊनही गेले. उलट्या दिशेने शोध घेणाऱ्याचे मात्र हाल होतात. न्यूयॉर्क किंवा सिडनीतल्या एखाद्या मर्फीला गाव विचारा. मर्फी हे आयर्लंडमध्ये सर्वांत जास्त आढळणारे आडनाव. ते कुळ सांगते, पण गाव सांगत नाही.

हा प्रश्न आता आपल्याही घरात आला आहे. अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलियात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांत आयरिश वंशाच्या सुना आणि जावई आहेत. नातवंडांना शाळेतून वंशवृक्ष काढून आणायला सांगतात. एका बाजूची वंशावळ छापील कुलवृत्तांतात तयार मिळते. दुसऱ्या बाजूला 'पणजोबा आयर्लंडहून आले' या एका वाक्यावर गाडी अडते. ती पुढे कशी न्यायची, ते या लेखात पाहू.

सुरुवातीलाच एक गोष्ट मनाशी पक्की करा, कारण बाकी सगळे तिच्यावर उभे आहे. आयर्लंडमधली दप्तरे नावावरून उलगडत नाहीत, गावावरून उलगडतात. म्हणून समुद्र ओलांडायची घाई करू नका. माणूस जिथे गेला, त्या देशातले कागद आधी चाळून संपवा आणि त्यातून गावाचे नाव काढा. डब्लिनचे दप्तर त्यानंतर.

गाव म्हणजे नक्की काय?

आयर्लंडमध्ये ३२ काउंट्या आहेत. २६ प्रजासत्ताकात, ६ उत्तर आयर्लंडमध्ये. काउंटी म्हणजे आपला जिल्हा समजा. जिल्हा कळला म्हणजे घर सापडले असे होत नाही, ते तिथेही नाही. काउंटीच्या पोटात सिव्हिल पॅरिश येतात, सुमारे अडीच हजार. त्यांच्याही पोटात असतो टाउनलँड. नावात 'टाउन' असले तरी याचा शहराशी संबंध नाही. आपल्या जुन्या कागदांवर 'मौजे अमुक' लिहिलेले असते, तसा हा महसुलातला सर्वांत लहान घटक. कधी दोन-चार घरांची वाडी, तर कधी नुसते शिवार. असे टाउनलँड साठ हजारांहून जास्त आहेत आणि एकाच नावाचे टाउनलँड अनेक काउंट्यांत सापडतात. आपल्याकडे 'पिंपळगाव' म्हटल्यावर 'कुठले पिंपळगाव?' हा प्रश्न येतो, तसाच प्रकार.

कॅथलिक चर्चच्या पॅरिशच्या हद्दी सिव्हिल पॅरिशशी जुळत नाहीत, हे सुरुवातीलाच लिहून ठेवा. त्यावर आणखी एक थर आहे पुअर लॉ युनियनचा. गरिबांच्या मदतीसाठी १८३८च्या कायद्याने हे विभाग आखले, आणि पुढे जन्ममृत्यूची नोंदणीही त्याच विभागांवर बसवली. सूचीत जागेच्या रकान्यात युनियनचे नाव असते, ते गाव समजून नवखे लोक फसतात. टाउनलँड्स डॉट आयई आणि लोगेनिम डॉट आयई या दोन संकेतस्थळांवर कुठलाही टाउनलँड कुठल्या पॅरिशमध्ये आणि काउंटीत येतो ते फुकट पाहता येते. घरच्या लोकांनी गावाचे नाव कानावर आले तसे लिहून ठेवले असेल, तर त्याची वेगवेगळी स्पेलिंगही इथे पडताळता येतात.

दोन काउंट्यांची नावे बदलली आहेत. क्वीन्स काउंटी आता लीश आहे आणि किंग्ज काउंटी आता ऑफली. कोव्ह हे बंदर १८४९मध्ये व्हिक्टोरिया राणी येऊन गेल्यावर क्वीन्सटाउन झाले आणि स्वातंत्र्याच्या काळात पुन्हा कोव्ह झाले. जुन्या कागदावर 'क्वीन्सटाउन' दिसले तर ते पूर्वजाचे गाव असेलच असे नाही. बहुतेक वेळा तो फक्त जहाजात चढण्याचा धक्का असतो.

घरातले कपाट आणि घरातली म्हातारी माणसे

पहिला कागद घरातच शोधा. बायबलच्या पहिल्या पानावर जन्म, लग्ने आणि मृत्यू लिहून ठेवायची जुनी पद्धत होती. जुन्या पत्रांवरचे पोस्टाचे शिक्के, फोटोच्या मागे स्टुडिओचे नाव, कुणी गेल्यावर चर्चमध्ये वाटलेली प्रार्थनेची छोटी कार्डे, असे सगळे गोळा करा. मग घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला बोलते करा. 'तुमचे गाव कोणते' असे सरळ विचारले तर 'कॉर्क' एवढेच उत्तर मिळते. त्यापेक्षा 'आजी कुठल्या चर्चबद्दल बोलायची?', 'पत्रे कुणाकडून यायची?', 'घरात कुठल्या नदीचे किंवा डोंगराचे नाव निघायचे?' असे विचारा. बोलणे फोनवर ध्वनिमुद्रित करा. उच्चार महत्त्वाचा आहे, कारण स्पेलिंग नंतर कुणीतरी चुकवलेले असते.

फक्त थेट पूर्वजाच्या मागे लागू नका. पणजोबांचा भाऊ, बहीण, लग्नातले साक्षीदार, शेजारचे कुटुंब यांचेही कागद पाहा. आयरिश माणूस सहसा एकटा गेला नाही. एक भाऊ गेला, त्याने तिकिटाचे पैसे पाठवले, मग बहीण गेली, मग शेजारचा पोरगा. पणजोबांच्या मृत्यूच्या दाखल्यावर नुसते 'आयर्लंड' असेल, पण त्यांच्या अविवाहित बहिणीच्या मृत्युलेखात टाउनलँड सापडू शकतो.

जिथे गेले, तिथले कागद

१८४५ ते १८५२च्या महादुष्काळात बटाट्याचे पीक रोगाने गेले. सुमारे दहा लाख माणसे मेली आणि किमान तेवढीच देश सोडून गेली. १८४१मध्ये सुमारे ८२ लाख असलेली लोकसंख्या १८५१मध्ये ६५ लाखांवर आली, आणि पुढची अनेक दशके ओघ चालूच राहिला. जाणाऱ्यांची नोंद आयर्लंडने ठेवली नाही. ब्रिटिश बंदरांतून बाहेर जाणाऱ्या प्रवाशांच्या याद्या १८९०पासूनच्याच टिकल्या आहेत. त्याआधीची नोंद शोधायची ती उतरण्याच्या ठिकाणी.

अमेरिका : बंदरावर उतरणाऱ्यांच्या याद्या १८२०पासून आहेत. न्यूयॉर्कला १८५५ ते १८९० कॅसल गार्डन आणि १८९२पासून एलिस आयलंड ही उतरण्याची ठिकाणे. स्टॅच्यू ऑफ लिबर्टी–एलिस आयलंड फाउंडेशनच्या संकेतस्थळावर या याद्या विनामूल्य शोधता येतात. १८४६ ते १८५१ या काळात न्यूयॉर्कला उतरलेल्या सुमारे ६ लाख लोकांची वेगळी यादी अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराकडे आहे. जुन्या याद्यांत नाव, वय, धंदा आणि 'आयर्लंड' यापलीकडे फारसे नसते. १९०७नंतरच्या याद्यांत मात्र मायदेशातल्या जवळच्या नातेवाइकाचे नाव आणि पत्ता आहे. तो रकाना पहिल्यांदा वाचा. नागरिकत्वाच्या अर्जांचेही तसेच. सप्टेंबर १९०६च्या आधीचे अर्ज त्रोटक, नंतरचे तपशीलवार.

'आमचे आडनाव एलिस आयलंडवरच्या कारकुनाने बदलले' ही कथा अनेक घरांत सांगतात. ती खरी नाही. प्रवाशांची यादी जहाज सुटताना तिकडेच तयार व्हायची. इकडचा अधिकारी तिच्यावर फक्त खुणा करायचा. स्पेलिंग बदलले असेल तर तिकडच्या बंदरावर, किंवा इथे स्थायिक झाल्यावर घरच्यांनीच बदलले.

अमेरिकेतले दोन साठे आयरिश लोकांसाठी विशेष मोलाचे आहेत. 'बॉस्टन पायलट' या कॅथलिक वर्तमानपत्रात १८३१ ते १९२१ या काळात हरवलेल्या नातेवाइकांच्या शोधाच्या जाहिराती छापून येत. भाऊ भावाला शोधतोय, बायको नवऱ्याला शोधतेय. ओळख पटावी म्हणून काउंटी, पॅरिश, कधी टाउनलँड, जहाजाचे नाव आणि शेवटचा ठावठिकाणाही त्यात असे. बॉस्टन कॉलेजने या जाहिरातींचा शोधता येणारा संग्रह केला आहे. दुसरा साठा न्यूयॉर्कच्या एमिग्रंट इंडस्ट्रियल सेव्हिंग्ज बँकेचा. १८५०मध्ये निघालेल्या या बँकेत खातेदारांत आयरिश मजूर आणि मोलकरणी खूप होत्या. बऱ्याच जणांना सही येत नसे. मग पैसे काढायला आलेली बाई तीच आहे हे कसे ओळखायचे? बँक खाते उघडतानाच गाव, आईवडील, भावंडे, जहाज असे सगळे विचारून लिहून ठेवी. आजच्या केवायसीचा हा पूर्वज न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीत आहे.

कॅनडा : क्वेबेकजवळचे ग्रोस ईल हे बेट म्हणजे रोगी प्रवाशांना अडवून ठेवण्याचे ठाणे. १८४७मध्ये तापाची साथ घेऊन जहाजांवर जहाजे आली आणि त्या एका वर्षात तिथे पाच हजारांहून जास्त लोक पुरले गेले. आईबाप गेलेल्या शेकडो मुलांना फ्रेंच भाषक कुटुंबांनी वाढवले. त्यांतल्या अनेकांनी आयरिश आडनाव टिकवले. म्हणून क्वेबेकमध्ये फ्रेंच बोलणारे रायन आणि जॉन्सन भेटले तर चकित होऊ नका. ग्रोस ईलच्या नोंदी कॅनडाच्या राष्ट्रीय ग्रंथालय आणि अभिलेखागारात शोधता येतात.

ऑस्ट्रेलिया : इथे नशीब सहसा साथ देते, कारण मृत्यूचा दाखला भरताना ऑस्ट्रेलियाने हात आखडता घेतला नाही. व्हिक्टोरियात १८५३पासून आणि न्यू साउथ वेल्समध्ये १८५६पासून मृत्यूच्या दाखल्यावर आईवडिलांची नावे, आईचे माहेरचे आडनाव, जन्मस्थळ, वसाहतीत किती वर्षे झाली, लग्न कुठे झाले आणि मुलांची नावे व वये असे रकाने आहेत. माहिती देणाराच अनोळखी असेल तर रकाने रिकामे राहतात, एवढेच. सरकारी मदतीने आलेल्यांच्या याद्यांतही मूळ गाव आणि आईवडील सापडतात. १८४८ ते १८५० या काळात आयर्लंडच्या वर्कहाउसांतून चार हजारांहून जास्त अनाथ मुली अर्ल ग्रे योजनेखाली ऑस्ट्रेलियाला पाठवल्या गेल्या. त्यांच्या नावांची यादी उपलब्ध आहे. शिक्षा होऊन गेलेल्यांचे कागद आयर्लंडच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने सूचीबद्ध केले आहेत. जुनी वर्तमानपत्रे ऑस्ट्रेलियासाठी 'ट्रोव्ह'वर आणि न्यूझीलंडसाठी 'पेपर्स पास्ट'वर फुकट वाचता येतात. त्यांतले मृत्युलेख आवर्जून वाचा.

आणि कुठलाही देश असो, कब्रस्तान विसरू नका. थडग्यावर काउंटी आणि पॅरिश कोरून घेण्याची आयरिश लोकांना हौस होती. कागदावर 'आयर्लंड' आणि दगडावर पूर्ण पत्ता, असे अनेकदा दिसते.

आगीतून काय उरले?

गाव हाती लागले की आयर्लंडकडे वळा. पण आधी एक वाईट बातमी पचवावी लागते. ३० जून १९२२ रोजी, यादवी युद्धाच्या पहिल्याच आठवड्यात, डब्लिनच्या फोर कोर्ट्समधले सरकारी अभिलेखागार स्फोटात आणि आगीत गेले. १८२१ ते १८५१च्या जनगणनांचे जवळजवळ सगळे कागद, मृत्युपत्रे आणि चर्च ऑफ आयर्लंडच्या निम्म्याहून जास्त नोंदवह्या जळाल्या. १८६१ ते १८९१च्या जनगणना आगीत गेल्या असे लोक समजतात, पण त्या आधीच गेल्या होत्या. पहिल्या दोन सरकारनेच नष्ट केल्या आणि नंतरच्या दोन पहिल्या महायुद्धात रद्दीत घालून लगदा केला. म्हणजे जनगणनेचे पूर्ण कागद फक्त १९०१ आणि १९११चे. त्यांच्यापुढची जनगणना १८ एप्रिल १९२६ची. तिच्यावरचे शंभर वर्षांचे बंधन एप्रिल २०२६मध्ये संपते.

राखेतून काही तुकडे वर आले, ते एका योगायोगाने. १९०९मध्ये सत्तरीच्या पुढच्यांना पेन्शन सुरू झाली. पण त्या वयाच्या माणसांकडे जन्माचा दाखला कुठला? मग १८४१ किंवा १८५१च्या जनगणनेत नाव आहे का, हे तपासण्याचे अर्ज आले. कारकुनांनी कुटुंबाची नोंद शोधून अर्जावर उतरवली. पुढे मूळ वह्या जळाल्या, पण अर्ज राहिले. राष्ट्रीय अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर ते फुकट पाहता येतात. तुमच्या कुटुंबातला एक भाऊ मागे राहून म्हातारा झाला असेल, तर त्याच्या पेन्शनच्या अर्जात परदेशी गेलेल्या बहिणीचे नाव मिळू शकते. २०२२पासून व्हर्च्युअल रेकॉर्ड ट्रेझरी हा प्रकल्प इतर ठिकाणच्या नकला जमवून जळालेले दप्तर पुन्हा उभे करतो आहे. तिथेही एकदा शोध घ्यावा.

आयर्लंडमधली चार दप्तरे

पहिले, जन्म, विवाह आणि मृत्यूची सरकारी नोंद. ती सर्वांसाठी १ जानेवारी १८६४पासून सुरू झाली; कॅथलिक नसलेल्यांची लग्ने १ एप्रिल १८४५पासून नोंदली जात. आयरिशजिनिऑलॉजी डॉट आयई या सरकारी संकेतस्थळावर शंभर वर्षांपूर्वीचे जन्म, ७५ वर्षांपूर्वीची लग्ने आणि ५० वर्षांपूर्वीचे मृत्यू मूळ पानाच्या चित्रासह विनामूल्य आहेत. उत्तर आयर्लंडच्या सहा काउंट्यांच्या १९२२पासूनच्या नोंदींसाठी तिथल्या नोंदणी कार्यालयाकडे पैसे भरावे लागतात. जन्माच्या नोंदीत आईचे माहेरचे आडनाव मिळते. लग्नाच्या नोंदीत दोन्ही वडिलांची नावे असतात, आयांची नसतात. मृत्यूच्या नोंदीत आईवडील नसतातच. जन्मतारखेवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. नोंदणीला उशीर झाला की दंड होता, म्हणून बाप तारीख पुढे ढकलून सांगे. चर्चच्या वहीत बाप्तिस्मा ३ मार्चला आणि सरकारी वहीत जन्म २० मार्चला, असे दिसले तर चर्चची वही खरी माना.

दुसरे, ही चर्चची वहीच. १८६४च्या आधी जन्मलेल्या कॅथलिकासाठी दुसरा आधार नाही. राष्ट्रीय ग्रंथालयाने २०१५मध्ये कॅथलिक पॅरिशांच्या वह्यांची चित्रे इंटरनेटवर फुकट खुली केली. त्या साधारण १८८०पर्यंतच्या आहेत. शहरांतल्या वह्या अठराव्या शतकापासून असतात. पश्चिमेकडच्या गरीब खेड्यांतल्या अनेक वह्या एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर सुरू होतात, तिथे मागचा रस्ता बंद. नोंद बहुतेक वेळा लॅटिनमध्ये असते. समजा वहीत ओळ आहे : 'जेकोबस, गुलिएल्मस रायन आणि ब्रिजिडा ड्वायर यांचा, धर्मपिता-धर्ममाता योहानेस ड्वायर आणि होनोरिया रायन.' घरात हाच पोरगा जिम, बाप बिल, आई बिडी, मामा जॅक आणि आत्या नोरा असते. धर्मपिता आणि धर्ममाता सहसा जवळचे नातेवाईक असतात, म्हणून ती दोन नावेही उतरवून घ्या. आणि काही धर्मगुरूंनी त्या ओळीच्या कडेला टाउनलँडही लिहिला आहे. तो दिसला की निम्मी लढाई जिंकली.

तिसरे, जमिनीचे दप्तर. १८४७ ते १८६४ या काळात रिचर्ड ग्रिफिथ यांनी कर बसवण्यासाठी साऱ्या देशातल्या जमिनींची आणि घरांची किंमत ठरवली. हे ग्रिफिथ्स व्हॅल्युएशन म्हणजे आयर्लंडचा सातबारा समजा. टाउनलँड, वहिवाटदार, जमीनदार, क्षेत्र, आकार आणि नकाशावरचा क्रमांक, सगळे त्यात आहे. आस्कअबाउटआयर्लंड डॉट आयईवर नकाशासह पाहता येते. नाव फक्त कुटुंबप्रमुखाचे असते, बायकामुलांचे नाही. त्याआधीच्या १८२३ ते १८३७च्या टाइद म्हणजे चर्चसाठी शेतीवर बसवलेल्या कराच्या नोंदी राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. यापुढची वही रंजक आहे. सातबाऱ्यानंतर फेरफार येतो ना, तशी व्हॅल्युएशनची फेरफार वही आहे. वहिवाटदार बदलला की कारकून जुने नाव खोडून वर नवे लिहायचा, कडेला वर्ष टाकायचा आणि प्रत्येक फेरीला वेगळ्या रंगाची शाई वापरायचा. तुमच्या कुटुंबाचे नाव ज्या साली खोडले, त्याच्या आसपास त्यांनी घर सोडले. उत्तर आयर्लंडच्या या वह्या बेलफास्टच्या अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर आहेत. बाकीच्या डब्लिनला पाहाव्या लागतात.

चौथे, १९०१ आणि १९११ची जनगणना, तीही फुकट. पूर्वज त्याआधीच गेला असला तरी मागे राहिलेले कुटुंब इथे भेटते. १९११च्या कागदावर विवाहित स्त्रीला तीन गोष्टी विचारल्या आहेत : लग्नाला किती वर्षे झाली, किती मुले जिवंत जन्मली आणि आज किती हयात आहेत. समजा उत्तर आले ९ आणि ७, आणि घरात त्या रात्री दोनच मुले आहेत. मग पाच जण कुठे आहेत? काही शेजारच्या गावात, काही बॉस्टन किंवा लिव्हरपूलमध्ये. तुमच्या पणजोबांचे नाव कागदावर नसते, पण त्या आकड्यात ते असतात. वयावर मात्र भरवसा ठेवू नका. १९०१मध्ये ५८ वर्षांची असलेली बाई १९११मध्ये ७३ वर्षांची निघते, कारण मधल्या काळात पेन्शन आली.

नावांची गुंतागुंत

'ओ' म्हणजे नातू किंवा वंशज, 'मॅक' म्हणजे मुलगा. इंग्रजी राजवटीत बहुतेकांनी हे उपसर्ग टाकले आणि नंतर काहींनी परत घेतले. म्हणून रायली, रेली आणि ओ'रायली एकाच घरातले असू शकतात. ब्रिजेट अमेरिकेत गेली की बऱ्याचदा डिलिया होते. मार्गारेट ही पेगी आणि मेरी ही मॉली किंवा पॉली. शोधताना आडनावाची पाच-सहा रूपे आधीच कागदावर लिहा आणि प्रत्येक रूपाने शोधा.

एक पद्धत उपयोगी पडते आणि मराठी वाचकाला ती ओळखीची वाटेल. पहिल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचे नाव, दुसऱ्याला आईच्या वडिलांचे. पहिल्या मुलीला आईच्या आईचे, दुसरीला वडिलांच्या आईचे, असा रिवाज बऱ्याच घरांत होता. परदेशी जन्मलेल्या मुलांची नावे क्रमाने लिहिली की आजोबांच्या नावाचा अंदाज बांधता येतो. तो अंदाजच समजा. पुरावा म्हणून त्याचा वापर करू नका.

मुंबईमार्गे गेलेले

काही आयरिश पूर्वज पश्चिमेला नव्हे, आपल्याकडे आले. ईस्ट इंडिया कंपनीच्या गोऱ्या पलटणींत आयरिश शिपाई मोठ्या संख्येने होते. मुंबईची जुनी गोरी पलटण, पुढची १०३वी रॉयल बॉम्बे फ्युझिलियर्स, १८८१मध्ये रॉयल डब्लिन फ्युझिलियर्सची दुसरी बटालियन झाली. ती रेजिमेंट १९२२मध्ये मोडली. मुंबई, पुणे, किरकी किंवा देवळालीच्या छावणीत कुणाचा जन्म वा लग्न झाले असेल, तर चर्चच्या नोंदींच्या प्रती लंडनला जात. त्या ब्रिटिश लायब्ररीच्या इंडिया ऑफिस रेकॉर्ड्समध्ये आहेत. मुंबई इलाख्याची मालिका एन ३ या क्रमांकाखाली. फॅमिलीज इन ब्रिटिश इंडिया सोसायटीच्या संकेतस्थळावर नावाने विनामूल्य शोध घेता येतो. शिपायाच्या पेन्शनच्या कागदांत, लंडनमधल्या क्यू येथील ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागारातल्या डब्ल्यूओ ९७ या मालिकेत, जन्माची पॅरिश लिहिलेली असते. मुंबईत किंवा पुण्यात राहणाऱ्या अँग्लो-इंडियन कुटुंबांनी हा रस्ता आधी तपासावा.

कामाची शिस्त

एक वही करा. कुठल्या साठ्यात, कुठल्या नावाने, कुठल्या वर्षांत शोधले आणि काय मिळाले ते तारखेसह लिहा. 'काही मिळाले नाही' हेही लिहा, नाहीतर सहा महिन्यांनी तोच शोध पुन्हा घ्याल. डीएनए चाचणीने दूरचे चुलतभाऊ सापडतात आणि कधी त्यांच्याकडे गावाचे नाव असते. पण कागदाशिवाय चाचणी नाते ठरवत नाही. जिवंत माणसांची माहिती इंटरनेटवर टाकू नका. आजी किंवा आजोबा आयर्लंड बेटावर जन्मलेले असतील तर परदेशी जन्म नोंदवहीमार्फत आयरिश नागरिकत्व मागता येते. त्यासाठी प्रत्येक पिढीचे जन्माचे आणि लग्नाचे पूर्ण दाखले लागतात, म्हणून मिळालेल्या प्रत्येक दाखल्याचा क्रमांक टिपून ठेवा. अडलात तर डब्लिनच्या राष्ट्रीय ग्रंथालयात वंशशोधाचा सल्ला विनामूल्य मिळतो. आयर्लंड रीचिंग आउट या उपक्रमात पॅरिशमधलेच स्वयंसेवक मदत करतात.

अ‍ॅनी मूरचे उदाहरण

शेवटी एक खरी गोष्ट. १ जानेवारी १८९२ रोजी एलिस आयलंड सुरू झाले आणि तिथून पहिली आत गेली ती काउंटी कॉर्कची अ‍ॅनी मूर. दोन धाकट्या भावांबरोबर ती क्वीन्सटाउनहून आली होती. अधिकाऱ्याने तिला दहा डॉलरचे सोन्याचे नाणे दिले. वर्तमानपत्रांनी छापले की आज तिचा पंधरावा वाढदिवस. प्रत्यक्षात ती १७ वर्षांची होती आणि वाढदिवसही त्या दिवशी नव्हता. तिचा पुतळा एलिस आयलंडवर आहे आणि कोव्हच्या धक्क्यावरही.

पुढे तिचे काय झाले? अनेक वर्षे सांगितले जात होते की ती टेक्साजला गेली आणि १९२३मध्ये अपघातात वारली. तिच्या वंशजांचा मानही होत असे. मग वंशशोधक मेगन स्मोलेनियाक यांनी टेक्साजच्या अ‍ॅनीचे कागद पाहिले. तिचा जन्म इलिनॉयमधला निघाला. ती आयर्लंडहून आलेलीच नव्हती. २००६मध्ये खरी अ‍ॅनी सापडली. ती न्यूयॉर्कमध्येच राहिली, बेकरीतल्या कारकुनाशी तिने लग्न केले, अनेक मुले झाली, बरीच लहानपणी गेली, आणि १९२४मध्ये ती वारली. नाव जुळले होते, काळ जुळला होता. जन्मगाव कुणी तपासले नव्हते.

न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातल्या कॅल्व्हरी कब्रस्तानात खऱ्या अ‍ॅनी मूरच्या थडग्यावर २००८पर्यंत दगड नव्हता.